देश कसा शोधावा: होतकरू दर्यावर्दींसाठी थोडं मार्गदर्शन

इतिहासात नाव लावायचंय ना, मग यूपीएससी बिपीएससी सोडा आणि सरळ एखादा देश शोधून काढा. अट एकच, देश असा निवडायचा जिथे आधीपासून माणसं राहताहेत, बाजार भरतोय, राजा दरबारात बसतोय. रिकामी बेटं शोधण्यात काही राम नाही, तिथे लुटायला काही नसतं आणि रस्ता विचारायलाही कोणी नसतं.

भूगोल कच्चा असेल तर उत्तमच. पश्चिमेकडून समुद्रमार्गे आशियाला जातो म्हणणाऱ्या कोलंबसला लोकांनी नाही म्हटलं ते पृथ्वी सपाट वाटायची म्हणून असं आपण शाळेपासून ऐकतो, पण पृथ्वी गोल आहे हे तेव्हाच्या शिकल्यासवरल्या लोकांना चांगलंच माहीत होतं. भानगड अशी होती की या गड्याने पृथ्वी फारच लहान धरली होती, कॅनरी बेटांपासून जपान साधारण ४,४०० किलोमीटर असा त्याचा हिशोब, आणि खरं अंतर १९,००० च्या वर. पोर्तुगालच्या राजाच्या तज्ज्ञांनी हिशोब तपासला, चूक पकडली आणि त्याला वाटेला लावलं. तज्ज्ञ बरोबर होते, म्हणूनच त्यांची नावं आज कोणाला माहीत नाहीत. तेव्हा गणित चुकवायचंच असेल तर एवढं दणकून चुकवा की चुकीच्या मधे एक अख्खा खंड मावला पाहिजे.

क्रेडिटचं आधीच बघून ठेवा. पुढे स्पेनने कोलंबसला पाठवलं तेव्हा जमीन ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याला जन्मभर वर्षाला १०,००० मारावेदी (तेव्हाचं स्पॅनिश नाणं) पेन्शन कबूल झाली होती. १२ ऑक्टोबर १४९२ ला पहाटे दोनच्या सुमाराला डोळे फाडून बसलेल्या रॉड्रिगो द त्रियाना नावाच्या खलाशाला जमीन दिसली, तो ओरडला वगैरे, आणि पेन्शन मिळाली कोलंबसला, कारण साहेबांना म्हणे आदल्या रात्रीच लांब कुठेतरी उजेड लुकलुकताना दिसला होता. (ऑफिसात काम करणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही.)

आणि शोधलेली जागा भलतीच निघाली तर? घाबरायचं नाही, शपथपत्र करून घ्यायचं. १४९४ मधे क्युबाचा किनारा संपता संपेना तेव्हा कोलंबसने नोटरी बोलावून सगळ्या खलाशांकडून वदवून घेतलं की हे बेट नाही, आशियाची मुख्य भूमीच आहे, पुढे कोणी शब्द फिरवला तर १०,००० मारावेदी दंड आणि वर जीभ छाटणार. क्युबा बेटच आहे अजून, पण कागद पक्का होता.

आता भेटवस्तू. यात वास्को द गामाला तोड नाही. मे १४९८ मधे हा कालिकतला पोचला, तोही पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीच्या सुलतानाने दिलेल्या जाणत्या वाटाड्याच्या जीवावर. भारताकडे येणारे वारे अरब आणि गुजराती खलाशांना शेकडो वर्षं पाठ होते, पण त्यांनी त्याला शोध म्हटलं नाही, ते बापडे त्याला धंदा म्हणत राहिले, इथेच चुकलं त्यांचं. तर जगातली श्रीमंत व्यापारी मंडळी जिथे मिऱ्यांसाठी येऊन बसलेली, त्या कालिकतच्या राजासाठी, म्हणजे सामुद्रीसाठी, गामाने काय काढलं, तर पट्ट्यापट्ट्याचं कापड, लाल टोपरी, सहा हॅट, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, थोडी साखर, तेल आणि मध. दरबारी लोक खो खो हसले, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारी याच्यापेक्षा जास्त आणतो म्हणाले. हसू द्या. १५०२ च्या दुसऱ्या खेपेला गामा तोफा भरभरून घेऊन आला, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज अडवलं, माल काढून घेतला आणि आत शेकडो बायकामुलं माणसं असताना ते जाळून टाकलं. मग टोप्यांवर कोणी हसलं नाही.

लोकल लोकांचा सल्ला मात्र कधी ऐकू नका, ऐकलात की तुम्ही प्रवासी, नाही ऐकलात की संशोधक. पहिल्या खेपेला येताना आफ्रिकेपासून केरळपर्यंत २३ दिवस लागले. परत जायला वारा फिरेपर्यंत थांबावं लागतं हे किनाऱ्यावरचं पोर सांगेल, पण गामाने अंजदीव बेटावर (कारवारच्या समोर, पण गोव्याचं) जहाजं डागडुजी करून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शिडं उभारली आणि तेवढ्याच अंतराला जवळजवळ तीन महिने लागले. स्कर्व्ही नावाच्या आजाराने हिरड्या सुजून माणसं मेली, एक जहाज चालवायला हात उरले नाहीत म्हणून ते जाळून टाकावं लागलं. निघाले होते सुमारे १७०, लिस्बनला पोचले साधारण एक तृतीयांश. मोहीम यशस्वी झाली.

कागदपत्रं म्हणाल तर स्पेन आणि पोर्तुगालने १४९४ लाच स्पेनमधल्या तोर्देसिल्यासला बसून अटलांटिकमधल्या केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला ३७० लीग्जवर (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप) रेघ मारली आणि जग वाटून घेतलं, ज्यांचं वाटलं त्यांना कळवायची पद्धत नव्हती. पुढे आताच्या इंडोनेशियातल्या, लवंगांच्या मोलुकाज बेटांवरून भांडण झालं तेव्हा १५२९ मधे स्पेनने आपला हक्क पोर्तुगालला ३,५०,००० डुकाटला (सोन्याची नाणी) विकला, आणि आज नकाशावर मोजलं तर ती बेटं आधीपासून पोर्तुगालच्याच वाटणीत पडतात. म्हणजे सातबारा दुसऱ्याचा, आणि पैसेही त्याच दुसऱ्याकडून. अशी डील आपल्याकडेही रोज होते पण तिला तह म्हणत नाहीत.

मॅगेलनचं थोडक्यात. पृथ्वीप्रदक्षिणेचं श्रेय हवं असेल तर ती पूर्ण करायची गरज नसते. १५१९ ला पाच जहाजं निघाली, पॅसिफिकमधे उंदीर खाल्ले आणि शिडाच्या काठीवरचं चामडं भिजवून, भाजून खाल्लं, १५२१ ला साहेब फिलिपिन्समधे दुसऱ्यांच्या भांडणात नाक खुपसून मेले, आणि त्यांच्याच ताफ्यातला एलकानो १७ जणांना घेऊन १५२२ ला स्पेनला पोचला. आता एलकानो कोण हे विचारून बघा चार जणांना.

शेवटी राहतं नामकरण. देश नाही जमला तर निदान सामुद्रधुनी, तीही नाही तर एखादं स्टेशन तरी पदरात पाडून घ्या. गामाला गोव्यात मिळालंय की अख्खं गाव आणि रेल्वे स्टेशन. फक्त मुंबईहून कोकण रेल्वेने निघालात तर बहुतेक गाड्या तिथे जात नाहीत, भारताचा मार्ग शोधणाऱ्या माणसाकडे जायला मडगावला उतरून गाडी बदलावी लागते.