म्हणे, हवेवर जगतं!

माझ्या हातून झाडं मरतात. हे मी कधी लपवलेलं नाही. ज्याला मारू म्हटलं तरी मरत नाही असं सगळे सांगतात, तो मनीप्लांट मी दोनदा मारलाय. कोरफड कुजवली. निवडुंगसुद्धा एका रात्रीत असा कलंडला की जणू त्याला माझी दृष्टच लागली. नाक्यावरचा रोपवाला तर मी लांबून दिसले की न विचारता तुळशीची पिशवी बांधायला घेतो.

अशा बाईला अडीच वर्षांपूर्वी, जानेवारीत, ठाण्यातल्या एका फुलांच्या प्रदर्शनात ‘एअर प्लांट’ अशी पाटी दिसली. काचेचे गोळे टांगलेले, आणि प्रत्येक गोळ्यात अननसाचा शेंडा कापून, वाळवून, लहान करून ठेवावा तसं काहीतरी करडं-हिरवं.

“मॅडम, माती नको, कुंडी नको, पाणी नको. नुसती हवा,” स्टॉलवरचा मुलगा म्हणाला.

“अजिबात काही करावं लागत नाही?”

“विसरून जायचं!”

विसरणे या विषयात मला कोणी हरवू शकत नाही. मी चार नग घेतले. गोळ्यातलं एक पिटुकलं, फ्रिजच्या मॅग्नेटवर चिकटवलेलं एक, चंदेरी कुरळ्या बटांचं एक भलंमोठं, आणि म्हाताऱ्याच्या दाढीसारखा लोंबणारा एक झुबका. एकूण १,४५० रुपये. नवऱ्याने बिल बघितलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, “हवेवर जगतं म्हणजे कुठल्या? या घोडबंदर रोडच्या?”

ही शंका मला स्टॉलवर सुचायला हवी होती. आमच्या खिडकीतून जी येते तिला हवा म्हणणं हा तिचा मान ठेवणं आहे. डंपर, मेट्रोचं काम आणि संध्याकाळी चार तास जागच्या जागी धुरकणारी वाहनं. पण नंतर वाचलं की ही झाडं हवेतल्या धुळीतूनही पोषण मिळवतात. तसं असेल तर आमच्याकडे त्यांनी वर्षभरात पैलवान व्हायला हरकत नव्हती.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा गुहागरहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून चारही नग निरखले.

“बांडगूळ विकत आणलंस?”

“बांडगूळ नाही हो आई. बांडगूळ दुसऱ्या झाडात मुळं खुपसून रस पितं. हे नुसतं फांदीवर बसतं. मुळं फक्त धरून ठेवायला.”

“म्हणजे आमरीसारखं. आपल्या आंब्यावर आहे की ढीगभर. आणायची होतीस, १,४५० वाचले असते.” (आमरी म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड.) मग थोडं थांबून, “आणि हे शेवाळं कशाला घेतलंस?”

‘शेवाळं’ म्हणजे तो लोंबणारा झुबका. त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात. तो स्पेनचा नाही आणि मॉसही नाही, पण नावाच्या बाबतीत झाडाला कोण विचारतो? ही सगळी मंडळी टिलँडसिया वंशातली, मूळची अमेरिका खंडाची. दक्षिणेकडची अमेरिकन राज्यं, मेक्सिको आणि खाली थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत. अननस यांचा जवळचा नातेवाईक. हे मी आईंना उत्साहाने सांगितलं आणि फसले. पुढचे सहा महिने त्या रोज विचारत होत्या, “फळ कधी धरेल?”

तीन आठवडे मी दिलेला शब्द पाळला. म्हणजे विसरले. चौथ्या आठवड्यात पाहते तर चंदेरी बटांचं झाड भाजलेल्या पापडासारखं कडेने वळलेलं. मुलाने मोबाइल उघडला आणि निकालपत्र वाचावं तशा आवाजात वाचायला लागला. पाणी लागतं. आठवड्यातून एकदा पाण्यात बुडवून ठेवायचं, वीस ते तीस मिनिटं. मग बाहेर काढून उलटं धरून झटकायचं. मग चार तासांच्या आत पूर्ण वाळलं पाहिजे, नाहीतर कुजतं. उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन नको. हवा खेळती पाहिजे, पण एसीच्या झोतात नको.

“आणि पाणी सकाळीच द्यायचं,” मुलगा म्हणाला. “हे झाड रात्री श्वास घेतं.”

“म्हणजे?”

“बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. हे दिवसा बंद ठेवतं, पाणी उडून जाऊ नये म्हणून. रात्री उघडतं. रात्री ओलं राहिलं तर गुदमरेल.”

मला तो स्टॉलवरचा मुलगा आठवला. ‘विसरून जायचं!’ आमच्या घरात तान्हं बाळ होतं तेव्हासुद्धा त्याला बघायला इतके नियम नव्हते, आणि बाळ निदान भूक लागली की रडायचं तरी.

त्या दिवसापासून आमचा रविवार बदलला. सकाळी आठला बादली भरायची, चारही जणांना आत सोडायचं, टायमर लावायचा. आई याला ‘अभ्यंग’ म्हणायच्या आणि एकदा खरंच विचारलं, “उटणं लावतेस का?” मॅग्नेटवालं झाड मॅग्नेटसकट बुडवावं लागे, कारण ते गोंदाने पक्कं डकवलेलं. पहिल्याच आंघोळीला तो मॅग्नेट बादलीच्या लोखंडी कडीला जाऊन चिकटला आणि ओढता ओढता मॅग्नेट कडीवर राहिला, झाड माझ्या हातात आलं. बादलीला ती शोभा अजून आहे.

खरं सांगायचं तर त्या बादलीत एक गोष्ट बघण्यासारखी असते, आणि तिच्यासाठी मी सगळे नियम माफ केले. कोरडं असताना पान राखाडी दिसतं, पीठ भुरभुरल्यासारखं. नखाने हळूच खरवडलं तर कळतं की ती पूड नाही, बारीक बारीक खवले आहेत. पाणी प्यायचं काम मुळं करत नाहीत, हे खवले करतात. पाण्यात सोडलं की ते पाणी शोषतात, आरपार होतात, आणि तुमच्या डोळ्यांदेखत राखाडी पान पोपटी व्हायला लागतं. कडेपासून आत, सावकाश. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं.

काचेचा गोळा मात्र आठवडाभरात निवृत्त झाला. ओलं झाड आत ठेवलं की काचेवर आतून वाफ धरायची. हवेवर जगणाऱ्या झाडाला हवाच लागू नये अशा डब्यात घालून विकणं ही डोकेबाज कल्पना कुणाची असेल ती असो. आता त्यात आई वाती ठेवतात.

मग तांब्याचं प्रकरण झालं. मुलाने वाचलं होतं की नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते रात्रभर उघडं ठेवावं. मी हे आईंच्या देखत बोलले, एवढंच माझं चुकलं. दोन महिने त्या शनिवारी रात्री न चुकता पाणी भरून ठेवत होत्या आणि मी मनातल्या मनात त्यांना दुवा देत होते. एका रविवारी लवकर उठले तर ते पाणी त्या देवघराशेजारच्या तांब्याच्या कळशीतून बादलीत ओततायत.

“आई! तांब्याची कळशी?”

“मग? रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी किती चांगलं! तुझे सासरे उभा जन्म तेच प्यायले. ब्याण्णव वर्षं जगले.”

आता यांना कसं सांगायचं की जगात ज्या गोष्टी या झाडांना चालत नाहीत त्यांत तांबं पहिल्या नंबरावर आहे? तांब्याची तार बांधू नका, तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, हे झाडावाले लोक घसा फोडून सांगतात. मी सांगितलं. आईंनी माझ्याकडे, मग झाडाकडे पाहिलं. जे तांब्याच्या पाण्याने आजारी पडतं त्याच्या खानदानाबद्दल त्यांचं मत तिथेच कायमचं झालं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त कळशी उचलून उरलेलं पाणी तुळशीला घातलं. ती तुळस आजतागायत जिवंत आहे, हे इथे नोंदवलेलं बरं.

कळशीने कोणी मेलं नाही. मारलं ते जुलैने.

ठाण्याच्या जुलैत चार तासांत वाळतं असं काय आहे? टॉवेल वाळत नाही, मोजे वाळत नाहीत, तिखटमिठाची बरणी घाम गाळते. मी मात्र नेमाने रविवारचं अभ्यंग चालू ठेवलं, आणि चंदेरी बटांना पंख्याखाली पाटावर बसवत राहिले. तिसऱ्या रविवारी बादलीतून काढताना एक बट सुटून हातात आली. मग दुसरी. मग मधला अख्खा गाभा, कोबीचा दांडा निघावा तसा, खाली तपकिरी, आणि वास असा की नवऱ्याने आतल्या खोलीतून विचारलं, “फ्रिज बंद पडलाय का?”

या टिलँडसिया नावामागे म्हणे एक गोष्ट आहे. सतराव्या शतकात टिलँड्झ नावाचे एक डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक तुर्कूच्या विद्यापीठात होते, आजच्या फिनलंडमध्ये. समुद्राने स्टॉकहोमला जाताना त्यांना बोट अशी काही लागली की परतताना ते जहाजात चढलेच नाहीत. सगळ्या आखाताला वळसा घालून, हजारावर किलोमीटर, जमिनीवरून घरी आले. पुढे झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसला वाटलं की या झाडांनाही पाण्याचं असंच वावडं आहे, म्हणून त्याने त्यांना या गृहस्थांचं नाव दिलं. मी ही गोष्ट ऑगस्टमध्ये वाचली. कोणी जूनमध्ये सांगितली असती तर माझे सहाशे रुपये वाचले असते.

मॅग्नेटवरून सुटलेलं झाड सप्टेंबरात गेलं. कशाने, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कमी पाण्याने टोकं वाळतात, जास्त पाण्याने बुंधा काळा पडतो. याचं दोन्ही झालं होतं.

दाढीचा झुबका बाल्कनीत मजेत होता. एका सोमवारी ऑफिसातून आले तर दांडी रिकामी. कबुतरांवर संशय घेऊन जाळी तपासली, जाळी शाबूत. मग भांड्यांच्या रॅकपाशी नजर गेली. साबणाच्या वाटीत, स्क्रबरच्या शेजारी, माझं स्पॅनिश मॉस फेसात बसलं होतं.

“मावशी, हे?”

“काथ्या सुकत ठेवलेला ना ताई? घेतला मी.” मग जरा नाराजीने, “पण मऊ आहे हो. कढई निघत नाही त्यानं. दुसरा आणा.”

मावशींना काय बोलणार? अमेरिकेत एके काळी हेच झुबके वाळवून गाद्यांत आणि मोटारींच्या सीटमध्ये भरायचे. तिकडच्या लोकांनाही ते बघून काथ्याच आठवला असणार. मी ते सात पाण्यांनी धुतलं. उपयोग झाला नाही, पण शेवटपर्यंत लिंबाचा छान वास येत होता.

राहिलं ते गोळ्यातलं पिटुकलं. आयोनँथा त्याचं नाव. मुठीत मावेल एवढं. त्याच्यावर मी फारशी मेहनत घेतली नाही, कारण माझी मेहनत काय करते ते एव्हाना मला कळलं होतं. खिडकीच्या गजाला शिंपल्यात बसवलं, पावसाळ्यात आंघोळ बंद. पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी ते मधून लाल झालेलं. लालभडक, ताप चढल्यासारखं.

“झालं, हेही चाललं,” मी म्हटलं.

मुलाने आधी फोटो काढला, मग शोधलं. “आई, ते मरत नाहीये. ते फुलणार आहे.”

आणि फुललं. लाल पानांच्या मधून करंगळीच्या नखाएवढी जांभळी नळी बाहेर आली, टोकाला पिवळे पुंकेसर. मी सोसायटीतल्या सहा घरांत बोलावणी केली. चौथ्या मजल्यावरच्या काकू चहा पिऊन, फूल बघून, उठता उठता म्हणाल्या, “कुठाय ते?”

त्याच रात्री मुलाने पुढचं वाचून दाखवलं. हे झाड जन्मात एकदाच फुलतं. फुललं की बाजूने पिल्लं येतात आणि मूळचं झाड हळूहळू संपतं. मी त्याच्यावर चिडले. बारशाच्या दिवशी कोणी तेराव्याची बातमी सांगतं का?

आईंना मात्र यात काही विशेष वाटलं नाही. “केळ काय वेगळं करते? घड दिला की ती जाते, कोंब राहतात.” आणि मग पहिल्यांदाच त्यांनी त्या झाडाला बोट लावलं. “बाळंतीण आहे ती. पंख्याखाली नको ठेवूस.”

दिवाळीपर्यंत तीन पिल्लं धरली. पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढं झालं की सोडवता येतं, असं वाचून मी एक सोडवलं. आई गावाला निघाल्या होत्या. त्यांनी ते मागून घेतलं आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवून एसटीने गुहागरला नेलं. सोबत मी एक कागद दिला. अंघोळीचा वार, मिनिटं, झटकायची पद्धत, आणि खाली लाल शाईने ‘तांबं नाही’.

माझ्याकडची दोन पिल्लं आहेत. एकाची टोकं वाळतायत, दुसऱ्याचा बुंधा मला जरा काळपट वाटतोय, म्हणून सध्या एकाला आठवड्याने आणि दुसऱ्याला दहा दिवसांनी अशी दोन वेळापत्रकं फ्रिजवर लावली आहेत.

परवा पुतण्याने गावाहून आंब्याचा फोटो पाठवला, ऐन पावसातला. बुंध्याला जुन्या साडीची चिंधी बांधलेली, आमरीच्या शेजारी ते पिल्लू, चांगलं दुप्पट झालेलं, मुळांनी सालीला धरलेलं. मी लगेच आईंना फोन लावला.

“आई, किती छान ठेवलंयत! दर आठवड्याला भिजवत होतात ना?”

“कोणाला?” आई म्हणाल्या.