ॲक्टिव्हिटी थिअरी म्हणजे ‘रिकामे बसू नका’ नव्हे

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळींत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘रशियन ॲक्टिव्हिटी थिअरी सांगते, रिकामे बसू नका, रोज काहीतरी करत राहा, कला आपोआप बहरेल.’ हे चूक आहे. म्हातारपणी कार्यरत राहिल्याने समाधान टिकते, असे मांडणारा याच नावाचा वेगळा अमेरिकन सिद्धांत आहे. दोघांची सरमिसळ झालेली दिसते.

रशियन मांडणी मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कींच्या विचारातून निघाली. अलेक्सी लिओन्तिएव यांनी तिला आकार दिला. ती तास मोजत नाही, माणसाच्या कामाचे तीन थर पाहते. ज्या हेतूपायी माणूस झटतो तो एक थर, जाणून ठरवलेल्या उद्दिष्टाची कृती दुसरा, आणि अंगवळणी पडलेली क्रिया तिसरा.

माझी भाची ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ख्याल शिकते. आधी तीनतालाच्या 16 मात्रा बोटांवर मोजताना बंदिशीचे शब्द निसटायचे. आता मात्रा अंगात मुरल्यात, लक्ष समेवर कसे यायचे याकडे असते. पण लय अतिविलंबित झाली की बोटे पुन्हा हलू लागतात! मुरलेली क्रिया अडली की परत जाणिवेत येते. लिओन्तिएव यांनी हेच मोटारीचा गिअर बदलण्याच्या उदाहरणाने समजावले होते. पुढे 1987 मध्ये फिनलंडचे अभ्यासक एंगेस्ट्रॉम यांनी साधनांसोबत नियम, समूह आणि कामाची वाटणीही यात आणली. म्हणजे तानपुरा, गुरू, साथीदार हे सगळे आलेच.

तेव्हा रियाझ अडला तर नेमके काय अडले ते आधी पाहा. भाचीने तो मजकूर वाचून नुसते तास वाढवले होते. आठवडाभर तिचा आवाज बसला होता.