‘पंधरा मिनिटे चालवून दाखवले आणि दोष नाही म्हणून परत दिले’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: गेल्या वर्षी आमच्याकडून जुळवून घेतलेला डेस्कटॉप मे महिन्यात लग्नाच्या व्हिडिओचे रेंडर, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचे काम, चालू असताना मध्येच मंदावू लागला आणि पंचवीस मिनिटांचे काम सव्वा तासावर गेले. पहिल्यांदा मशीन आणले तेव्हा आम्ही ते पंधरा मिनिटे चालवले, पडद्यावर प्रोसेसरचे तापमान ७२ अंश दाखवले आणि ‘दोष नाही’ म्हणून परत केले. दुसऱ्या खेपेस एक पंखा आणि चिकटवलेले ॲल्युमिनियमचे तुकडे यांचे १,४०० रुपये घेतले, आणि त्यातला एक तुकडा आठ दिवसांत सुटून ग्राफिक्स कार्डावर पडला. प्रोसेसरच सदोष असून आम्ही तो बदलून देत नाही, असे आपण लिहिले आहे, आणि अशी अडचण आलेल्यांनी तोवर कॅबिनेटची बाजू काढून टेबलफॅन लावावा, असेही सुचवले आहे.

अभिप्राय लिहिला त्याच दिवशी आपण मशीन दुकानात ठेवून गेलात. गेले तीन दिवस ते माझ्या टेबलावर आहे आणि त्याची तपासणी मी स्वतः केली आहे. प्रोसेसर सदोष नाही, तो बदलून आपला प्रश्न सुटला नसता, हे मी मोजमाप करून सांगतो. बाकीच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ते येथे सर्वांसमोर मान्य करणे मला आवश्यक वाटते.

मंदावण्याचे मूळ प्रोसेसरच्या शेजारी आहे. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या कडेला मॉसफेट (वीज वेगाने चालू-बंद करणाऱ्या छोट्या चिप), चोक आणि कपॅसिटर यांची जी रांग असते, तिला व्हीआरएम म्हणतात. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्टने वीज पुरवणे हे तिचे काम. आपला आय७-१२७०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून ओळखला जातो, परंतु सगळे कोअर जोमाने चालतात तेव्हा तो १८० वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, म्हणजे त्या रांगेतून १४० अँपिअरहून अधिक प्रवाह जातो. व्होल्टेज उतरवण्याचे हे काम ९० टक्के कार्यक्षमतेने होते असे धरले तरी २० वॅटची उष्णता तिथल्या तिथे राहते. माझ्या टेबलावरचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे आहे, यावरून त्या बोटभर जागेत काय चालले असेल याची कल्पना यावी.

आपल्या एच६१० मदरबोर्डवर या मॉसफेटना हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारे धातूचे तुकडे, नाहीत. कार्यालयीन कामाला असा बोर्ड पुरतो, पण तासन् तास रेंडर करणाऱ्या माणसाला तो या प्रोसेसरसोबत देताना आम्ही ही गोष्ट स्पष्ट सांगायला हवी होती. आपले बजेट ठरलेले होते हे खरे, तरी निर्णय आपण माहिती मिळाल्यावर घ्यायला हवा होता, आणि ती माहिती आम्ही दिली नाही. त्यात भर म्हणजे, मूळ कूलरचा आवाज होतो असे आपण म्हणालात तेव्हा आम्ही उभा टॉवर कूलर बसवून दिला. मूळ कूलर वरून खाली, बोर्डाच्या दिशेने हवा सोडतो आणि ती आजूबाजूच्या भागांनाही लागते. टॉवर कूलरची हवा बोर्डाला समांतर मागे निघून जाते. प्रोसेसर अधिक थंड झाला आणि त्याच्या शेजारची रांग वाऱ्यावाचून तापत राहिली. म्हणूनच पडद्यावरचे ७२ अंश खरे असूनही आपल्या तक्रारीचे उत्तर नव्हते. या बोर्डावर व्हीआरएमचे तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, आणि जे दिसते त्यावर आमच्या तंत्रज्ञाने विसंबायला नको होते.

पहिली तपासणी वातानुकूलित काउंटरवर, बाजूचा पत्रा काढून झाली होती. मी कॅबिनेट बंद केले, एसी बंद ठेवला आणि मॉसफेटवर तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची तार उष्णतारोधक टेपने चिकटवून रेंडर लावले. खोलीत ३६ अंश होते. पंधराव्या मिनिटाला सर्व ठीक होते. बोर्डातले तांबे हळूहळू तापत जाते, त्यामुळे खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. बाविसाव्या मिनिटाला काटा १०६ अंशांवर गेला आणि प्रोसेसरचा वेग चार गिगाहर्ट्झवरून थेट ८०० मेगाहर्ट्झवर उतरला. काही सेकंदांनी चढला, पुन्हा उतरला. बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरला वेग कमी करायला लावत होता. आपण सांगितलेले लक्षण तंतोतंत हेच होते.

दुसऱ्या खेपेची चूक मला अधिक लागली आहे. तुकडे चिकटवल्यावर आमच्याकडे दुरून तापमान मोजणाऱ्या थर्मल गनने ५४ अंश मोजून काम झाले असे ठरवण्यात आले. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. त्याच तुकड्यावर मी काळ्या टेपचा चौकोन लावून मोजले, तेव्हा ८३ अंश निघाले. सुटलेला तुकडाही मी पाहिला. त्याच्या टेपवर धुळीचा राखाडी थर आला आहे आणि एका कोपऱ्यात मॉसफेटवरच्या छापील अक्षरांची उलटी खूण उमटली आहे, म्हणजे टेप जेमतेम तेवढ्याच भागावर टेकली होती. लावण्याआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला नव्हता, आणि उभ्या बोर्डावर गरम होऊन मऊ पडलेल्या गोंदाच्या भरवशावर धातूचा तुकडा ठेवणे हेच मुळात चूक होते. तो कार्डाच्या उघड्या जोडांवर पडून शॉर्टसर्किट होऊ शकले असते. कार्ड तपासले आहे, ते व्यवस्थित चालते. तरी पुढील सहा महिन्यांत त्यात बिघाड झाल्यास खर्च आमचा राहील.

टेबलफॅनबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. त्याने तापमान उतरते, हे मी नाकारत नाही. परंतु पुण्यात ज्या गल्लीत पाहावे तिथे बांधकाम चालू आहे आणि उघड्या कॅबिनेटमध्ये महिन्याभरात पंख्यांच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत धूळ दाटते. शिवाय घरात लहान मुले असतील तर उघडे मशीन धोक्याचे. एखादे रेंडर त्या दिवशीच द्यायचे असेल तेवढ्यापुरता हा उपाय ठीक आहे.

आता मशीनमध्ये काय केले ते सांगतो. चिकटवलेले सर्व तुकडे काढले आहेत. बोर्डाला रांगेच्या दोन्ही टोकांशी छिद्रे आहेत, त्यांत स्क्रूने आवळलेला हीटसिंक उष्णता वाहून नेणाऱ्या १ मिलिमीटरच्या मऊ थर्मल पॅडसह बसवला आहे. प्रोसेसरवर लावतात ती पेस्ट येथे चालत नाही, कारण मॉसफेटच्या उंचीत थोडा फरक असतो आणि तो पॅडच भरून काढतो. आपल्याला विकलेला पंखा बाजूवरून काढून मागे, गरम हवा बाहेर फेकण्यासाठी लावला आहे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरची वीजमर्यादा १२५ वॅट केली आहे. त्याच खोलीत, बंद कॅबिनेटमध्ये तासभर रेंडर चालवले असता मॉसफेट ८४ अंशांच्या वर गेले नाहीत, वेग एकदाही कोसळला नाही, आणि आपले पंचवीस मिनिटांचे काम सत्तावीस मिनिटांत झाले.

१,४०० रुपये परत केले जातील. पंखा, हीटसिंक आणि मजुरी यांचे काहीही घेणार नाही. ती दोन मिनिटेही नको असतील आणि पूर्ण १८० वॅटवर काम करायचे असेल, तर व्हीआरएमवर मोठे हीटसिंक असलेला बी६६० बोर्ड आपला बोर्ड परत घेऊन केवळ किमतीच्या फरकात देऊ. माझ्या मते आपल्या कामाला सध्याची व्यवस्था पुरेशी आहे, तरी हा निर्णय आपला आहे. रेंडरची मशीन आता आम्ही बंद कॅबिनेटमध्ये किमान एक तास चालवून आणि मॉसफेटवर तार लावून मगच ग्राहकाच्या हाती देतो.

मशीन न्यायला याल तेव्हा मूळ कूलर घरी ठेवलेला असेल तर तो सोबत आणावा. १२५ वॅटला तो पुरणार नाही, पण त्याचा पंखा काढून व्हीआरएमच्या वर बसवता येतो का, हे आपल्यासमोरच पाहू.