तांदूळ वाढलेत

आमच्या घरात किराणा किती भरायचा हे बायको ठरवत नाही. मी तर नाहीच नाही. ते पंचगंगा ठरवते.

पावसाळ्यात कोल्हापुरात माणूस भेटला की "जेवलासा काय?" नंतर येतं, आधी "किती फुटावर हाय?" येतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळं शहर या दोन आकड्यांवर हलतं. आमची आई मात्र पंचवीस फुटांवरच हलते. "पंचवीस झाली म्हंजे त्रेचाळिसाला ऱ्हायलं किती?" असं म्हणते आणि माझ्या हातात पिशवी नाही, पोतं देते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. आईच्या बटव्याचंही तसंच आहे, फक्त तो धरण अर्धं असतानाच उघडतो.

तिचं माहेर जतकडचं. १९७२ च्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल ती फारसं काही सांगत नाही, पण तांदळाच्या पिंपात हात घालून बघते. कोपरापर्यंत हात गेला तरी तळ लागला नाही, तर घर सुरक्षित. मनगट बुडतंय तोवर बोटांना पत्रा लागला की ७२ साल सुरू झालं म्हणून समजायचं.

बायकोला दुष्काळाची भीती नाही. ती मंगळवार पेठेतली, तिला पाहुण्यांची भीती. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला अंबाबाईच्या कृपेनं पाहुणे कधी कमी पडत नाहीत. दर्शनाला म्हणून येतात, रंकाळा बघून होतो, मग "आता आलोच आहोत तर" असं म्हणत तांबडा-पांढऱ्याची वाट बघत बसतात. त्यामुळं पोहे, रवा, शेंगदाणे आणि साबुदाणा या चार गोष्टी तिच्या खात्यात येतात. घरात दोन बायका आणि दोघींच्या दोन भीत्या, म्हणून आमच्या स्वयंपाकघरात दोन घरांचा माल असतो. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घालू शकतो. सासू-सुनांचं त्यात कुठंच नाव नाही, एवढी मोठी पळवाट सरकारनं का ठेवली कळत नाही.

आता माझं सांगतो. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत स्टोअरकीपर आहे. पिग आयर्न, स्क्रॅप, मोल्डिंगची वाळू, ती वाळू बांधणारी बेंटोनाइटची माती, नटबोल्टपासून हातमोज्यांपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं. किती शिल्लक, कितीवर आलं की मागवायचं, आधी आलेलं आधी कसं काढायचं, यावर माझं पोट चालतं. असल्या माणसाच्या घरात जिऱ्याची तीन पाकिटं एकाच वेळी फोडलेली असावीत, हे मला गेली वीस वर्षं खुपत होतं. पण बोललो नव्हतो.

मे महिन्यातल्या एका रविवारी बोललो. शिरा करायला म्हणून बायकोनं रव्याचा डबा काढला, चमचा घातला, आणि रवा चमच्याबरोबर दोरीसारखा लोंबत वर आला. जाळी झाली होती. तिनं डबा शांतपणे बाजूला ठेवला आणि दुसरा काढला. त्यातही जाळी. तिसरा डबा आहे हे तेव्हा मला कळलं.

मग मी सगळंच काढायला लावलं. साबुदाण्याच्या चार पुड्या निघाल्या. एक महाशिवरात्रीची, एक आषाढीची, एक नवरात्रातली, चौथीला कुणी वाली नव्हता. शेंगदाण्याचं कूट एवढं खवट झालं होतं की झाकण उघडल्यावर मुलगी गॅलरीत गेली. आणि तांदळाच्या पिंपात टोके, म्हणजे धान्यातले सोंडकिडे. एक-दोन नव्हेत, वसाहत. मी मूठभर तांदूळ परातीत पसरले, तर तांदूळच चालतोय असं वाटलं. प्रत्येकाची सोंड पुढं, चालण्यात एक प्रकारचा मालकी हक्क. एकाला बोटानं उलटा केला तर पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग घेतलं. मी दुसरीकडं बघितल्यावर उठून चालू लागला.

"दुकानदारानं फसवलं," मी म्हणालो. पण नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. टोक्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा खात वाढते आणि उष्ण हवेत महिन्याभरात टोका होऊन बाहेर पडते. म्हणजे आपण दुकानात तळहातावर घेऊन, फुंकर मारून, दाताखाली चावून बघतो त्या स्वच्छ तांदळातही ती असू शकतात. टोके घरात शिरत नाहीत, आपणच त्यांना किलोच्या भावानं विकत आणतो.

"उन्हात घालूया," मी म्हणालो.

"तांदूळ कुणी उन्हात घालतंय व्हय?" आई म्हणाली. "कणी हुईल त्याची. सावलीत पसर. फौंड्रीत काय शिकवत्यात तुमाला?"

आमचं निदान बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. पोरगा गेल्या वर्षी नोकरीला पुण्याला गेला. तो एका वेळी सहा चपात्या खायचा. त्याच्या जाण्यानं गव्हाची खपत तिसऱ्या हिश्श्यानं उतरली, पण ही बातमी पिंपापर्यंत पोचलीच नाही. वर आई नवीन माल जुन्यावरच ओतते. त्यामुळं वरचे गहू आपण खातो आणि तळाशी जे आहे ते कधीचं आहे हे फक्त उत्खनन करूनच कळेल.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एका वेळी किती माल मागवणं स्वस्त पडतं, याचं एक सूत्र आहे, फोर्ड हॅरिस नावाच्या माणसानं १९१३ साली मांडलेलं. आमच्या धंद्यात ते मारुतिस्तोत्रासारखं पाठ असतं. वर्षाची गरज, एका खेपेचा खर्च, किलोमागं साठवणुकीचा खर्च, या तिन्हींचा हिशेब मांडून वर्गमूळ काढायचं. तांदूळ महिन्याला १२ किलो म्हणजे वर्षाला १४४. लक्ष्मीपुरीतून रिक्षानं आणायचे ८० रुपये. साठ रुपयांच्या तांदळावर साठवणुकीचे वर्षाला ६ रुपये धरले. उत्तर आलं ६२ किलो.

मी परत केलं. परत ६२.

"काय आलं?" आईनं विचारलं.

खोटं बोलायची ती वेळ होती. मी खरं सांगितलं.

"बघ की!" ती बायकोकडं वळून म्हणाली. "मी पन्नासच आणायला सांगतो. ह्याचा सायेब बारा किलो जास्तच म्हणतोय."

हॅरिस साहेबानं टोक्यांचा खर्च धरला नव्हता, हे मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण तोवर ती २०१९ वर गेली होती. आमच्या घरातला कुठलाही किराण्याचा वाद २०१९ वर जातोच. त्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. आम्ही शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर राहतो, पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीवर येऊन थांबलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, दूध नाही, भाजी नाही, पेट्रोल नाही. उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, त्यामुळं चारी बाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही. आमच्याकडं मात्र पन्नास किलो गहू होते. आई विजयी मुद्रेनं पिंपाशेजारी बसून होती. दुसऱ्या दिवशी पीठ संपलं. वीज नाही, गिरणी बंद. पन्नास किलो गव्हाकडं बघत आम्ही पुढचे दिवस भातावर काढले.

"म्हणजे गव्हाचा उपयोग झाला नाही," मी म्हणालो.

"भात कुणाचा होता?" आई म्हणाली. "खालच्या घरातली चार माणसं वर आलती. नऊ तोंडं जेवली दोन वेळा. कुणाच्या जिवावर?"

याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, आत्ताही नाही. पण हट्टाला पेटलो होतो. जूनपासून मी घरात टोयोटाची पद्धत लागू केली. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच. प्रत्येक डब्यावर फौंड्रीत असतं तसं बिन कार्ड दोऱ्यानं बांधलं: आवक, जावक, शिल्लक, सही. बायकोनं पहिल्या दिवशी मोहरीच्या कार्डावर जावक लिहिलं "फोडणीपुरती" आणि सही केली.

पद्धत दोन आठवडे चालली. रोज संध्याकाळी मी तावडे हॉटेलच्या चौकात आलो की फोन. येताना पाव किलो तूरडाळ. येताना अर्धा किलो साखर. एके दिवशी येताना फक्त हिंग. गल्लीतल्या दुकानदारानं पाव किलोची पुडी बांधता बांधता एकदा हळूच विचारलं, "सायेब, कंपनी चालू हाय न्हवं?" मी हसून "हो की" म्हणालो. त्याला ते हसू केविलवाणं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यानं, "पैशाचं नंतर बघू," म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू डबाभर आमटी घेऊन आल्या आणि "जास्त झालती" असं म्हणत बायकोच्या खांद्यावर हात ठेवून दोन मिनिटं उभ्या राहिल्या. बायकोनं आमटी घेतली आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मग तो शनिवार.

शुक्रवारी सकाळी मी कार्डं तपासत होतो. आई पिंपात हात घालून म्हणाली, "तांदूळ वाढलेत रं." मी कार्डावर लिहिलं: शिल्लक पुरेशी. मला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. कुणीतरी शेतावरचे आणून दिले असतील, आजऱ्याकडचे घनसाळ असतील तर सोन्याहून पिवळं.

माझ्या आईच्या तोंडून पन्नास वर्षांत "संपलं" हा शब्द मी ऐकलेला नाही. कुंकू पुसत नाहीत, बांगडी फुटत नाही, दिवा विझत नाही, सगळं वाढतं. तसंच मीठ, तांदूळ, तेल संपत नाही, वाढतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण स्टोअरकीपरच्या डोक्यात "वाढलं" हा शब्द आवक रकान्यातच जाऊन बसतो, त्याला मी काय करू?

शनिवारी रात्री साडेआठला दारात सात माणसं. बायकोच्या आतेभावाचं कुटुंब, पहाटेच्या दर्शनाला आलेलं, एक आजीबाई गुडघ्याला पट्टा बांधून. बाहेर पाऊस धो धो. बायकोनं पिंपाचं झाकण काढलं. पिंपाच्या तळाशी कडुनिंबाची चार सुकलेली पानं होती, आणि कार्ड. त्यावर माझ्या अक्षरात "शिल्लक पुरेशी" आणि खाली सही.

काकूंनी दोन शेर तांदूळ दिले. मापटं शिगोशीग भरून दिलं, हातानं सारखं न करता. देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता त्या गल्लीत काय सांगत असतील या विचारानं मला भात गेला नाही. आजीबाईंनी मात्र तीन वेळा घेतला.

एका गोष्टीपुढं मात्र मी आधीपासूनच हात टेकलेले आहेत. आई दर वर्षी उन्हाळ्यात मिरची कुटायच्या डंकावर वर्षाची चटणी करून आणते. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी, त्यात कांदा, लसूण, खोबरं, मसाला. बरणीत भरून वर हिंगाचे खडे. किती किलो मिरच्या हे ती कशावरून ठरवते, मला आजवर कळलेलं नाही. पोरगा घरी होता तेव्हा, तो पुण्याला गेला तेव्हा, आणि त्याच्या रूमवरच्या तिघांना आमच्या चटणीची चटक लागली तेव्हासुद्धा बरणी पुढच्या एप्रिलमध्येच वाढली. एक चमचा उरलेला नाही की कमी पडलेला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अंदाज असतोय त्याला." हे काही कार्डावर लिहिता येत नाही.

त्या शनिवारनंतर डब्यांवरची कार्डं निघाली. दोरे मात्र बायकोनं पाकिटांची तोंडं बांधायला ठेवून घेतले.

जुलैमध्ये फौंड्रीत स्टॉकची तपासणी झाली. बाहेरचा ऑडिटर होता, चश्मा कपाळावर सरकवून बोलणारा. मागच्या शेडमध्ये त्याला बेंटोनाइटची थप्पी दिसली. सात-आठ महिन्यांना पुरेल एवढी पोती. खालच्या थराला ओल लागून ढेकळं झाली होती, बुटाचं टोक मारलं तरी फुटेनात.

"एवढं कशाला मागवलंत?" त्यानं विचारलं.

"२०२१ ला हायवे बंद होता," मी म्हणालो. "गाडी पलीकडंच अडकलेली. पाऊस लागायच्या आधी भरून ठेवलेलं बरं."

"पण तुमची रीऑर्डर लेव्हल..."

"परवाच पंचवीस फूट झाली होती, साहेब."

तो काही वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

रात्री जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. बायको हसू दाबत ताटात बघत होती. आईनं मात्र गंभीरपणे ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "टोकं झालती काय त्यात?"

"नाही. ढेकळं झाली."

"मग एरंडेल लावायचं की," ती म्हणाली. "आणि वरचं आधी काढू नको. खालचं काढ."