फिकारची फिकीर

इंग्रजीतलं 'टेक' हे एक क्रियापद हाताशी असलं की माणूस अख्खा दिवस काढू शकतो. सकाळी शॉवर टेक करायचा, मग बस टेक करायची, दुपारी डोकेदुखीची गोळी, संध्याकाळी नदीकाठी फोटो, आणि या सगळ्याला जो वेळ लागतो तोही टेकच. लिस्बनमध्ये, म्हणजे पोर्तुगीज भाषेत, ही चैन चालत नाही. इथे अंघोळ आणि गोळी 'तुमार' करायची, बस 'अपन्यार' करायची, छत्री बरोबर 'लेवार' करायची आणि फोटो 'तिरार' करायचा. अपन्यारचा आणखी एक अर्थ आहे, मार खाणे. सकाळच्या गर्दीत बस पकडली की बसचा मार खाल्ला, दोन्ही एकाच शब्दात सांगता येतं, हीच काय ती सोय.

इथल्या नागरिकत्वासाठी ए-२ पातळीचं, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरतं, पोर्तुगीज यावं लागतं. म्हणून संध्याकाळी अल्मिरांत राइश रस्त्याच्या बाजूला आमचा वर्ग भरतो. निवृत्त होऊन उन्हासाठी इथे आलेले एक इंग्रज काका-काकू, घरी बसून अमेरिकेची नोकरी करणारा एक अमेरिकन, हॉटेलातली भांडी आवरून धावतपळत येणारी दोन नेपाळी मुलं, आणि मी, मूळचा डोंबिवलीचा. बाई अस्सल लिस्बनच्या. पण समजावतात इंग्रजीतून, कारण सगळ्यांना थोडीफार कळणारी भाषा तीच. घोळ इथेच होतो. डोक्यात वाक्य मराठीत उगवतं, त्याचं इंग्रजी होतं, मग त्या इंग्रजीचं पोर्तुगीज. म्हणजे डोंबिवलीहून ठाण्याला जायचं ते व्हाया लंडन!

आणि लंडनला सामान हरवतं. उदाहरणार्थ 'आस्क'. पोर्तुगीजमध्ये प्रश्न विचारायला 'पर्गुंतार' आणि वस्तू मागायला 'पेदिर'. इंग्रज काकांच्या पदरी दोन्हीला मिळून एकच क्रियापद. त्यांनी एकदा वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने "मी एक कॉफी विचारतो" असं वाक्य केलं. बाईंनी चष्मा वर सरकवून त्यांना विचारलं, "मग काय म्हणाली कॉफी?" मी हसलो खरा, पण माझ्या वहीतही पानभर तक्ता होता: आस्क एक, आस्क दोन, कंसात उदाहरणं. विचारणे आणि मागणे हे आपल्याकडे अडीच वर्षांच्या पोराला न शिकवता येतं, आणि मी ते इंग्रजीच्या खिडकीतून पाठ करत बसलो होतो.

'नो' (know) या इंग्रजी शब्दाचीही तीच तऱ्हा. माहीत असणे म्हणजे 'सबेर', ओळखणे म्हणजे 'कुन्येसेर'. आपल्याकडे दोन खाती तयारच आहेत. सबेरचा भूतकाळ तर माहीत होतं यापेक्षा 'कळलं' याच्या जवळ जातो, तेही आपल्याकडे आहे. फक्त हाच सबेर चवीलाही वापरतात. सूप लसणासारखं 'लागतं' याला ते लोक सूप लसणाचं 'सबेर' करतं म्हणतात. सुपाला लसणाविषयी नक्की काय माहीत आहे, यावर काकांनी बाईंशी बराच वेळ वाद घातला. इंग्रजीतल्या 'प्ले'ला मुलांसाठी 'ब्रिंकार', वाद्यासाठी 'तुकार' आणि फुटबॉलसाठी 'झुगार'. हा शेवटचा उच्चार बाई असा करतात की मला दर रविवारी स्टेडियममध्ये हजारो लोक जुगार बघायला जमल्याचा भास होतो. दोन शब्दांचं नातं काही नाही, पण पाठ करायला बरं पडतं.

तिरारने मात्र माझे डोळे उघडले. इंग्रजी पुस्तकात त्यापुढे टेक, टेक ऑफ, टेक आउट, रिमूव्ह, पुल, गेट अशी रांग होती आणि अमेरिकन बिचारा प्रत्येकाला वेगळ्या रंगाची रेघ मारत होता. त्याच आठवड्यात मी आरोग्य केंद्रात गेलो. दाराशी टोकनचं यंत्र, त्यावर 'तिरार' करून टोकन घ्यायची सूचना. समोर पडद्यावर नंबर सरकत होते, आणि एक आजोबा टोकन न घेता आत घुसल्यामुळे रखवालदार त्यांना हातवारे करून सांगत होता, आधी टोकन तिरार करा. टोकन काढा! टेक नाही, गेट नाही, काढा.

मग मी घरी जाऊन शब्दकोशच काढला. बूट काढणे, तिरार. दात काढणे, तिरार. रक्त काढणे, फोटो काढणे, शिंप्याने मापं काढणे, निष्कर्ष काढणे, सगळं तिरार. ड्रायव्हिंगचं लायसन्स पोर्तुगीज माणूस काढतो. आणि कळस म्हणजे तो रजासुद्धा काढतो! जो समाज रजा 'घेत' नाही, 'काढतो', त्याच्याशी आपलं जुळणार याबद्दल मला त्या रात्री शंका उरली नाही. (भांडण, आठवण, खोडी आणि परक्या मुलखात दिवस हे मात्र तिरारने निघत नाहीत. तिथे परत शब्दकोश.)

काकांना हे सांगितलं तर ते आणखीच खिन्न झाले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी फादर थॉमस स्टीफन्सचं नाव काढलं. हा इंग्रजच, १५७९ साली याच लिस्बनहून जहाजात बसून गोव्याला गेला. तिथे मराठीत हजारो ओव्या रचल्या, आणि कोकणीचं व्याकरण लिहिलं ते चक्क पोर्तुगीजमधून. १६४० मध्ये ते गोव्यातल्या राशोलला छापलंही गेलं, तोवर फादर हयात नव्हते. "म्हणजे इंग्रज माणसाला जमतं," मी म्हणालो. काका म्हणाले, "त्याला गोव्याला पोचायला सहा महिने लागले ना? मलाही सहा महिने बोटीवर कोंडा, बघा कसा शिकतो." पोर्तुगीजांनी आपल्याला पाव, बटाटा, चावी, बादली, घमेलं दिलं, हेही मी ऐकवलं. त्यांचं 'पागार' म्हणजे पैसे देणे. आपण त्याचा पगार केला, म्हणजे देणाऱ्याचं क्रियापद घेणाऱ्याचं नाम करून टाकलं. यावर काकू प्रथमच मोकळ्या हसल्या.

इतका ताठा आला की तो उतरणार हे ठरलेलंच. 'असणे'ची पाळी आली. पोर्तुगीजमध्ये दोन असणे आहेत, 'सेर' आणि 'श्तार'. बाईंनी फळ्यावर लिहिलं: कायमचं ते सेर, तात्पुरतं ते श्तार. एखादी बाई सेरने कंटाळवाणी असते, श्तारने नुसती वैतागलेली, त्यामुळे क्रियापद चुकलं तर घरी जाऊ नये. मला वाटलं, यात काय, 'साखर गोड असते' आणि 'हा चहा गोड आहे'. लगेच दगा बसला. मी डोंबिवलीचा असतो की आहे? आहे. आणि डोंबिवली तर कायमची, म्हणून सेर. घड्याळात तीन वाजले, म्हणजे जगातली सर्वात तात्पुरती गोष्ट, तिलाही सेर. आणि माणूस मेला, तर श्तार! काकांनी वही मिटली. "मेलेला माणूस तात्पुरता?" अमेरिकनही म्हणाला की हे कुठेतरी चुकतंय. मागच्या बाकावर मात्र शांतता होती. नेपाळी मुलांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्हाला यात काहीच वावगं दिसत नव्हतं. हा जन्म संपला, पुढचा आहेच.

हे पचतंय तोवर तिसरा येतो, फिकार. स्टेशन कुठे आहे हे विचारताना सेर-श्तार बाजूला ठेवून फिकार वापरलेलं बरं. घरी थांबणे फिकार, खूश होणे फिकार, एखादं काम करायचं राहून जाणे तेही फिकार. 'राहणे' मनाशी धरलं तर निम्मं सुटतं. राजपुत्र पेद्रुला लिस्बनच्या संसदेने ब्राझीलमधून परत बोलावलं, तेव्हा १८२२ च्या ९ जानेवारीला त्याने लोकांना सांगा मी राहतो, एवढंच कळवलं. त्यातलं क्रियापद हेच. तो दिवस ब्राझीलमध्ये आजही 'फिकु'चा दिवस म्हणून ओळखला जातो, आणि त्याच सप्टेंबरात देश स्वतंत्र झाला. तिथली आजची तरुण मंडळी मात्र एखाद्या पार्टीत पुढचा काही इरादा न ठेवता चुंबन घेण्यालाही फिकारच म्हणतात. एका क्रियापदाने किती जबाबदाऱ्या घ्याव्यात! लिस्बनच्या बायशा पेठेतल्या एका दुकानात मी शर्ट घालून आरशापुढे उभा होतो. दुकानातली मुलगी म्हणाली, हा तुम्हाला छान फिकार होतो. म्हणजे शोभतो. लगेच पुढे, याच्याबरोबर फिकार करणार का? म्हणजे घेणार का. बायको शेजारी उभी होती आणि तिने नुकताच ब्राझीलचा तो अर्थ वाचला होता. शर्ट पटकन घेतला, सुट्टे पैसेही मोजले नाहीत.

राहता राहिलं जाणे-येणे. ते सोपं असेल असं वाटतं, पण नाही. दारावर कोणी आलं की आपण आतून "आलो, आलो!" म्हणतो. पोर्तुगीज माणूस आहे त्या जागेवरून हलणार, म्हणून तो 'जाणे'च वापरतो: "झा वो!" जातोच आता. परवा आई फोनवर होती, स्पीकर चालू होता, आणि बेल वाजली. कुरियरवाला. मी मोरीतून ओरडलो, "झा वो!"

"काय म्हणाला गं तो?" आईने विचारलं.

"काही नाही आई, 'जातो' म्हणतोय," बायको म्हणाली.

"त्याला सांग, पोर्तुगाल असू दे नाहीतर आणखी कुठे. भरल्या घरातून 'जातो' म्हणायचं नाही. 'येतो' म्हण म्हणावं, आणि मग जा खुशाल."