लाल झारी

खंबाटकी घाट निम्मा चढलो होतो. डॅशबोर्डवर लागलेला लाल दिवा आधी बायकोला दिसला.

"अहो, झारी लागलीय."

गाडीत साखरपुड्याची दोन ताटं होती, पाच नारळ होते, मागच्या सीटवर माझे सासरे होते. झारी घेतल्याचं मला आठवत नव्हतं. तिनं बोट दाखवलं. चोच असलेलं भांडं आणि चोचीखाली एक थेंब. 14 वर्षं ही गाडी चालवतोय, पण किल्ली फिरवली की हा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो, यापलीकडे आमची ओळख नव्हती.

"तेल संपलं असेल," अप्पा मागून म्हणाले.

"तेल संपल्यावर दिवा विझतो, अप्पा. हा लागलाय."

हा विनोद गाडीत कुणालाच आवडला नाही. चढ संपला की बघू, असं मी म्हणत होतो, तोवर बायको म्हणाली, "आत्ता. बाजूला घ्या आणि बंद करा." मी केली. पुढं गॅरेजातल्या मेस्त्रींनी सांगितलं की त्या दिवशी आमच्या गाडीत घेतला गेलेला शहाणपणाचा निर्णय तेवढा एकच. हा दिवा तेलाच्या दाबाचा. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बेरिंगवर नुसता टेकलेला नसतो, मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, त्यावर तो फिरतो. दाब गेला की पापुद्रा फाटतो, लोखंड लोखंडाला घासतं आणि काही मिनिटांत इंजिन जाम. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी बायकोला घाबरून बंद केली.

अप्पा उतरले. त्यांनी उभ्या आयुष्यात एकच स्कूटर वापरली आणि ती स्वतःच दुरुस्त केली, त्यामुळं जगातलं प्रत्येक इंजिन त्यांना स्कूटरचं थोरलं भावंड वाटतं. त्यांनी डिपस्टिक ओढली, धोतराच्या सोग्याला पुसली, पुन्हा घालून ओढली. "बघा. खालच्या खुणेच्याही खाली." डिकीत लिटरभर ऑइल होतं, ते मी द्यायच्या आत त्यांनी ओतलंही. गाडी चढावर नाक वर करून उभी आहे, तेव्हा तेलही एका बाजूला गोळा झालेलं असणार, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. कलती कढई आम्ही दोघंही रोज बघतो.

दहा मिनिटांनी गाडी सुरू केली. दिवा गायब! अप्पा पुढं येऊन बसले. दीड किलोमीटरवर झारी पुन्हा हजर. थांबलो, दहा मिनिटं काढली, सुरू केली, गायब. पुन्हा दीड किलोमीटर. असे तीन मुक्काम करत घाट उतरलो आणि शेवटी क्रेनवाल्याला फोन केला. बायको ताटं घेऊन मागून आलेल्या नातेवाइकांच्या गाडीतून साताऱ्याला गेली. अप्पा मात्र हलेनात. "लिटरभर तेल घातलंय मी आत," म्हणाले.

सुरूर फाट्याच्या अलीकडं एका गॅरेजात गाडी उतरवली. मेस्त्रींनी किल्ली फिरवली. दिवा लागला, विझला, आणि विझलेलाच राहिला. दिवसभर भोकाड पसरणारं पोर पाहुणे आले की गुणी होतं, तसा. "मेस्त्री, आत्तापर्यंत लागत होता हो," हे मी चार वेळा म्हणालो.

एव्हाना चहाच्या टपरीवरून तज्ज्ञ मंडळी जमली होती. एक म्हणाला, सेन्सर गेलाय, बदला आणि जा. दुसरा म्हणाला, ऑइल पातळ झालंय, 20डब्ल्यू-50 घाला, दाट असतं. ट्रकवाल्या एका गृहस्थांनी टायरला लाथ मारली आणि "इंजिन बांधायला लागणार" असं सांगून टाकलं. मी मनात 50 हजार धरले आणि खाली बसलो. अप्पा म्हणाले, "माझंही बीपी लो असतं. मीठ-साखरेचं पाणी पितो."

मेस्त्री कुणाशीच बोलले नाहीत. गाडी सपाट जागी ढकलली, डिपस्टिक बघितली. तेल वरच्या खुणेच्या पार वर. "एवढं कुणी ओतलं? क्रँक घुसळून फेस काढेल याचा. फेसाला कुठला दाब?" अप्पा टायर पंक्चरचा बोर्ड वाचू लागले.

जास्तीचं तेल काढलं. मग सेन्सर काढून त्या जागी मेस्त्रींनी दाब मोजायचं काट्याचं गेज पिळलं. इंजिन तापू दिलं. काटा दीड बारवर स्वस्थ. "आता रेस द्या." दिली. काटा तीनपर्यंत गेला, थरथरला, आणि मी पाय तसाच दाबून असताना घसरत अर्ध्याच्या खाली आला.

"सेन्सर बरोबर बोलत होता," मेस्त्री म्हणाले. "आणि बेरिंग गेलं असतं तर हळू चालताना दाब पडला असता, रेसला वर आला असता. हे उलटं आहे. पंप मागतोय आणि खालून तेल येत नाही. खालचं तेलाचं चेंबर खोलू."

इंजिन बांधायचं नाही, एवढंच मला ऐकू आलं. मी उत्साहानं गाडीखाली डोकावलो आणि काळ्या तेलाचा एक टपोरा थेंब माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर पडला.

मेस्त्रींनी पंपाची जाळी माझ्यापुढं धरली. उजव्या काचेतून दिसलं: काळा चिखल, आणि त्यात करड्या रबरी शेवया. इंजिन चाललं की त्या ओढल्या जाऊन जाळीला चिकटायच्या, बंद केलं की खाली पडायच्या. "सिलिकॉन आहे. चेंबरच्या पॅकिंगला कुणीतरी थापलंय. जास्तीचं आत वळतं आणि तुटतं. कुठल्या अडाण्यानं केलं हे?"

आठ महिन्यांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीखाली दोन थेंब सापडले होते. सेक्रेटरींनी नोटीस लावली होती. पुण्यातला फिटर बिचारा बारीक रेघ ओढत होता. त्याच्या डोक्यावर उभं राहून "हात आखडू नका हो, सढळ हातानं लावा" म्हणणारा आवाज मला स्पष्ट आठवला.

मी गप्प राहिलो. पण तो फिटर अप्पांनीच गाठून दिला होता आणि त्या दिवशी शेजारच्या स्टुलावर तेच बसले होते.

"झारीतला शुक्राचार्य," अप्पा जाळीकडं बघत म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं, माझ्या एका काळ्या काचेकडं बराच वेळ पाहिलं. "डोळासुद्धा बरोबर गेलाय."