‘दहा सेकंदांत कॉम्प्युटर चालू’: त्या मेसेजमधले सहा उपाय करण्याआधी हे वाचा

सांगलीतल्या सोसायट्यांच्या आणि शाळांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागतो? दुकानदाराला एक रुपया देऊ नका. हे सहा उपाय करा, दहा सेकंदांत चालू होईल.’ उपाय असे: एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवा, प्रीफेच फोल्डर रोज रिकामं करा, रजिस्ट्री क्लीनर टाका, डीफ्रॅग करा, डेस्कटॉप दिसला की सात-आठ वेळा रिफ्रेश मारा, आणि तरीही जमलं नाही तर सी ड्राइव्ह सरळ फॉरमॅट करा.

मी विश्रामबागेत राहतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे कॉम्प्युटर बघून देतो. हा मेसेज वाचून हात घातलेली तीन मशीन गेल्या महिन्यात माझ्याकडे आली, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या उपायापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ त्यानेच केलाय. आमच्या शेजारचे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघायचे. आता नातवाच्या अभ्यासासाठी आणि पेन्शनच्या कामासाठी घरी कॉम्प्युटर आहे. त्यांनी मेसेज वाचून एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज कसं चालू व्हावं हे ठरवायची खिडकी, उघडली, ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’समोर खूण केली, खाली १ दिसत होता तो तसाच ठेवून ओके दाबलं. आधीच रडतखडत चालणारं मशीन त्या दिवसापासून पार बसलं. मी बघितलं तर चार कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) मशीनवर एकच कोअर कामाला लागलेला. ती खूण प्रोसेसर वाढवायची नाहीच. विंडोज मुळात सगळे कोअर वापरतंच. त्या चौकटीत आपण ‘याच्यापेक्षा जास्त वापरू नकोस’ एवढंच सांगतो, आणि ही सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यांना चाचणीसाठी दिलेली आहे. सगळ्यात मोठा आकडा निवडला तर काहीच बदलत नाही, लहान निवडला तर नुकसान.

प्रीफेचचं तर उलटंच आहे. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आलेली ही सोय आहे. कुठला प्रोग्राम उघडताना कुठल्या फायली लागतात याची टिपणं विंडोज त्या फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध कमी. ती रोज पुसली, तर रोज पहिल्यापासून शोधाशोध. जुनी टिपणं विंडोज स्वतःच काढून टाकतं, आपण त्यात पडायचं कारण नाही.

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामच्या सेटिंगची नोंदवही. तिच्यात लाखो नोंदी असतात, त्यातल्या दोन-चारशे मेलेल्या नोंदी काढून वेग वाढत नाही. चुकून जिवंत नोंद गेली तर मात्र प्रोग्राम उघडायचा बंद होतो. असली साधनं वापरू नका असं मायक्रोसॉफ्टचंही म्हणणं आहे. त्यात हे क्लीनर बहुतेक वेळा स्वतःच कॉम्प्युटरबरोबर चालू होणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतात. रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बाकी काही नाही.

डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र लावणं. त्यात थोडं तथ्य आहे, पण फक्त फिरत्या हार्ड डिस्कसाठी, आणि तिथेही विंडोज ते काम ठरल्या वेळी आपणहून करतं. एसएसडीवर, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, त्याचा उपयोग नाही. बाहेरचं डीफ्रॅग साधन आणून चालवलं तर एसएसडीची विनाकारण झीज होते.

फॉरमॅटचा, म्हणजे ड्राइव्ह पार पुसून टाकायचा, सल्ला देणाऱ्याचा मला खरोखर राग येतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डर साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा या गावातल्या किती घरांतले अल्बम गेले! उरलेले फोटो वाळवून, स्कॅन करून लोकांनी कॉम्प्युटरवर ठेवले. त्यांना तुम्ही एका ओळीत ‘फॉरमॅट करा’ सांगता? मिरजेच्या एका शिक्षिकेच्या आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका अशाच गेल्या. फॉरमॅट केल्यावर मशीन चार दिवस पळतं हे खरं, कारण आपोआप चालू होणारे प्रोग्राम निघून गेलेले असतात. ते काढायला फॉरमॅट लागत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. स्टार्टअपच्या यादीत ज्याच्यासमोर ‘हाय’ लिहिलंय आणि जे तुम्हाला रोज लागत नाही, ते डिसेबल करा. प्रोग्राम जात नाही, फक्त आपणहून उठायचा थांबतो. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. आणि महत्त्वाचं: विंडोज ८पासून ‘शट डाउन’ केल्यावर आतला काही भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून. त्यामुळे एखादा जुना गुंता दिवसेंदिवस तसाच राहू शकतो. पूर्ण नव्याने सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. आठवड्यातून एकदा तेवढं करा.

विंडोजचं चिन्ह यायच्या आधीच वेळ जात असेल तर गोष्ट निराळी. मागे पेनड्राइव्ह लावून ठेवलाय का बघा. घड्याळ मागची तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. आपल्याकडे रात्री बोर्डावरचं बटणच बंद करायची सवय, त्याने तो सेल लवकर उतरतो. सीआर२०३२ नावाने कुठेही मिळतो.

अण्णांच्या मशीनवर मी मोबाइलवर वेळ लावून बसलो. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत चार मिनिटं चाळीस सेकंद. ती खूण काढली, स्टार्टअपमधले नऊ प्रोग्राम थांबवले, तेव्हा दोन मिनिटं पन्नास. तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि कॅबिनेटला कान लावला तर आतून करकर ऐकू येत होती. खरं दुखणं तिथे होतं. फिरत्या डिस्कचा काटा एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला साधारण दहा मिलिसेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला शंभरेक फेऱ्या. विंडोज उठताना हजारो लहान फायली वाचतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ती सेकंदाला हजारो वाचने सहज करते. २५६ जीबीची एसएसडी बसवली आणि तोच कॉम्प्युटर सव्वीस सेकंदांत कामाला लागला. अण्णांचे पैसे एवढ्या एकाच गोष्टीवर गेले, आणि ते योग्य जागी गेले. करकर करणारी डिस्क असेल तर वेग नंतर बघू, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

ज्यांनी मेसेज वाचून उपाय करून टाकलेत त्यांनी आज एवढंच करा: एमएसकॉन्फिग उघडा, ‘बूट’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’वर जा, प्रोसेसर आणि मेमरी या दोन्हींसमोरच्या खुणा काढा, ओके दाबा आणि रीस्टार्ट करा. रजिस्ट्री क्लीनर टाकला असेल तर तो काढून टाका. प्रीफेच फोल्डर दोन-चार दिवसांत पुन्हा आपोआप भरेल.